काळ्यात काय उरलंय?

वाड्याच्या माजघरात काढलेला फोटो म्हणजे फोटोग्राफरची परीक्षाच. दारातला उजेड नऊवारीच्या काठावर झगझगतो, आणि मागची फडताळं, कोनाडे, भिंतीला टेकलेली माणसं काळ्यात बुडून जातात. साताऱ्याकडच्या एका फोटोग्राफरचं आयुष्य या काळ्याशी झटापट करण्यात गेलं.

शाळकरी वयात तो काकांच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभा राही. कागद उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ छापाचा. एन्लार्जरखाली काका तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली काळवंडलेल्या चेहऱ्यावर हलवत ठेवत. तेवढ्या भागाला उजेड कमी मिळे आणि चेहरा उजळून येई. हात जरा थांबला की भोवती कड उमटलीच! प्रिंट वाळल्यावर धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्याने, शाईने बुजवायचे. ते काम पोराचं.

काळं उजळण्याची हौस जगभरातली. अमेरिकेचे फोटोग्राफर युजीन स्मिथ तयार प्रिंटवर पोटॅशियम फेरिसायनाइड लावून हवा तेवढाच भाग फिका करत. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या फोटोग्राफरांनी 1940च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ बसवली. तिचा रोख साधा: उजेड सावलीच्या हिशेबाने द्यायचा, फिल्म धुवायची उजळ भागाच्या हिशेबाने. सावलीला कॅमेऱ्यातच उजेड मिळाला नाही, तर पुढे कुणीही काही करू शकत नाही.

आता साताऱ्याकडच्या त्या फोटोग्राफरच्या टेबलावर स्कॅनर आहे. लोकांना वाटतं, फोटोतला काळा भाग स्कॅनरला जड जात असेल. निगेटिव्हचं गणित उलटं असतं. तिथे सावली म्हणजे जवळजवळ पारदर्शक फिल्म; उजेड सहज आरपार जातो. स्कॅनरचा घाम काढतं ते दाट, काळंकुट्ट दिसणारं आभाळ. सावल्या बहुतेकदा मारतो तो स्कॅनरचा ‘ऑटो’. फोटो ठसठशीत दिसावा म्हणून तो काळ्याकडचं टोक छाटून टाकतो. म्हणून फोटोग्राफर ऑटो बंद ठेवतो आणि 16 बिटमध्ये स्कॅन करतो. 8 बिटमध्ये करड्याच्या 256 पायऱ्या, 16मध्ये 65,536. मग उजेड-सावली ठरवणाऱ्या कर्व्हचं खालचं टोक हलकेच उचललं तरी काळ्यात पट्टे पडत नाहीत.

धूळ मात्र पिच्छा सोडत नाही. रंगीत फिल्मवरची धूळ इन्फ्रारेड किरणांनी हेरता येते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरणच अडवते. त्यामुळे ठिपके अजून हातानेच बुजवायचे, कुंचल्याऐवजी माउसने.

हल्ली गिऱ्हाइकांना सगळंच दिसायला हवं असतं. त्याचं मत वेगळं. सावली फार उचलली की फोटो राखाडी होतो, दाणे वर येतात. कुठेतरी एक खरा काळा हवाच. परवा एकाने आजोबांचा कोट ‘नीट दिसू दे’ म्हणून हट्ट धरला. बटणं सापडली, कॉलरची घडीही सापडली. खिशाच्या जागी फिल्म कोरीच होती.

“आता एआय भरून देतो की, काका,” गिऱ्हाईक म्हणालं.

“देतो ना. पण नवा खिसा शिवायचा असेल, तर शिंप्याकडे जा.”