नर्तकाचा चेहरा : बॅले, नमन आणि पडदा

बॅले हा युरोपीय नृत्यप्रकार राजदरबारात वाढला आणि पुढे रंगमंचावर स्थिरावला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये राजेशाही नृत्य अकादमी स्थापन केल्यानंतर त्याला जे नियमबद्ध रूप येत गेले, त्यात प्रेक्षक समोर बसलेला आहे आणि दूर बसलेला आहे, हे गृहीत धरलेले होते. खुब्यापासून दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहणे, ज्याला टर्नआउट म्हणतात, हे त्याचे पायाभूत तंत्र असून त्यामुळे नर्तकाला प्रेक्षकांकडे तोंड ठेवूनही बाजूला सहज सरकता येते आणि पायाची रेषा शेवटच्या रांगेतून स्वच्छ दिसते. चेहऱ्याकडून मात्र पहिली अपेक्षा अशी की, शरीराला पडणारे कष्ट त्यावर उमटू नयेत. असा नर्तक चित्रपटात अभिनय करू लागतो तेव्हा नेमकी हीच शिस्त त्याच्या आड येते, कारण क्लोजअपमध्ये, म्हणजे पडदाभर एकच चेहरा दाखवणाऱ्या दृश्यात, पाय चौकटीबाहेर राहतात आणि आजवर झाकून ठेवलेले तेवढेच मागितले जाते.

महाराष्ट्रातील अलीकडचे ठळक उदाहरण मनीष चौहान यांचे आहे. मुंबईतील टॅक्सीचालकाचा हा मुलगा इस्रायली-अमेरिकी शिक्षक येहुदा माओर यांच्याकडे बॅले शिकला. त्याची आणि नवी मुंबईच्या अमिरुद्दीन शाह यांची हकीगत सूनी तारापोरवाला यांनी आधी लघुमाहितीपटात आणि मग २०२० साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘ये बॅले’ या कथाचित्रपटात मांडली. शाह तोपर्यंत लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकायला गेले होते, त्यामुळे त्यांच्यावर बेतलेली भूमिका अचिंत्य बोस या दुसऱ्या नर्तकाने केली, तर चौहान यांनी स्वतःवरच बेतलेली निशू ही व्यक्तिरेखा साकारली. स्वतःचीच भूमिका करणे सोपे, असा सर्वसाधारण समज असला तरी तो फारसा टिकणारा नाही, कारण जगताना ज्या गोष्टीकडे लक्षही गेलेले नसते ती कॅमेऱ्यासमोर ठरवून, आणि पुन्हा पुन्हा, करावी लागते.

कथकसारख्या नृत्यात अभिनय हे शिक्षणाचेच अंग असल्याने तेथील अडचण उलट्या बाजूची असते. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या १९५५ च्या चित्रपटात नायक झालेले गोपीकृष्ण हे मुळात कथक नर्तक, आणि अशा नर्तकाच्या भुवया व डोळे आधीपासूनच बोलके असल्याने तेथे उणे करण्याचाच प्रश्न येतो. लेस्ली कॅरन ही रोलाँ पेती यांच्या संस्थेतील फ्रेंच बॅले नर्तिका १९५१ मध्ये नृत्यप्रधान चित्रपटातून पडद्यावर आली, पण अभिनेत्री म्हणून ऑस्करचे पहिले नामांकन तिला मिळाले ते ‘लिली’मध्ये, बाहुल्यांशी बोलणाऱ्या अनाथ मुलीच्या भूमिकेसाठी, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

प्रस्तुत लेखकाच्या गुहागर तालुक्यात बॅले नाही, नमन आहे. नमन किंवा खेळे म्हणजे मृदंग आणि झांजेच्या साथीने रात्री रंगणारे कोकणी लोकनाट्य. त्यात गण, गवळण, सोंगे आणि शेवटी वग असा क्रम असतो. प्रस्तुत लेखक तालुक्यातील एका वाडीच्या मंडळात संकासुराचे सोंग घेत आला असून माडांच्या बागेत झालेल्या एका मालिकेच्या चित्रीकरणात त्याने गड्याची छोटी भूमिका केली आहे. पुढील निरीक्षणे त्या अनुभवावर आधारलेली आहेत. संकासुराचा पोशाख काळा, कमरेला घुंगरे, डोक्यावर उंच टोकदार टोपी आणि तोंडावर मुखवटा. म्हणजे चेहरा मुळातच वजा झालेला असल्याने राग, खोडी, भीती हे सारे कंबर आणि टाचा यांतूनच दाखवावे लागते. बॅलेशी त्याची तुलना विद्वानांना धाडसाची वाटेल, पण चेहरा गप्प ठेवून अंगाने बोलण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे.

चित्रीकरणातील प्रसंग साधा होता: मालकाने बाग विकली, हे गड्याने उभ्याउभ्या ऐकायचे. उभे राहण्याच्या जागी खूण म्हणून नारळाचे सोडण ठेवले होते, आणि नर्तकाचा फायदा तेथे लगेच दिसला, कारण खाली न बघता ठरल्या जागी पोहोचणे आणि दर खेपेला तोच हात त्याच वेळी उचलणे, ज्याला चित्रीकरणात कंटिन्युइटी म्हणतात, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अडचण ऐकण्यात आली. बातमी कानावर पडताच टाचा आपोआप उचलल्या जात. चौकट छातीपासून वर असल्याने त्या दिसत नव्हत्या, पण त्यांच्यामुळे खांदे वर चढत ते दिसत. त्याहून सूक्ष्म दोष असा की, समोरच्याचे वाक्य संपताच मान ठेक्यावर वळत असे, जणू मृदंगावर सम आली आहे. माणसाला वाईट बातमी समेवर कळत नाही. ती आधी किंवा उशिरा कळते, आणि हा बेताल क्षणच कॅमेऱ्याला हवा असतो. “काही करू नका, फक्त ऐका,” या सूचनेचा उपयोग झाला नाही, कारण काही न करणे हेही नर्तकाच्या अंगात एक बसवलेली मुद्रा होऊन बसते.

उपाय दिग्दर्शकाने काढला तो असा की, गड्याला खाली बसवून हाती कोयता दिला आणि समोरचे चुडत, म्हणजे माडाची झावळी, खरोखर तासायला सांगितले. टाचा जमिनीला टेकल्या, हात कामात गुंतले, वेग चुडताच्या कठीणपणावर ठरू लागला, आणि मनातली मोजणी थांबल्यावर चेहरा आपोआप मोकळा झाला.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण लेखकाच्या मते बॅले, कथक आणि नमन या तिन्हींना तो लागू पडावा. नर्तकाला पडद्यावर घेणाऱ्याने निवडीच्या वेळी त्याला नाचायला लावू नये. ते त्याला येतेच. त्याला भाजी निवडायला बसवावे, दोरखंड सोडवायला द्यावा, आणि त्या वेळी त्याच्याशी बोलत राहावे.