मुरगळलेले पाऊल

डहाणू-तलासरीकडे फुटबॉलचा खरा मोसम भातकापणीनंतर येतो. खाचरे रिकामी होतात, बांध मैदानाची सीमा ठरतो आणि धसकटे मोडण्याची वाट न पाहता मुले धावू लागतात. चिखलात उमटलेले बैलांच्या खुरांचे ठसे तोवर दगडासारखे वाळलेले असतात. अशा खळग्यात पाय पडला की पाऊल आत वळते. आपल्या वसतिगृहात मी सर्वाधिक पाहिलेली दुखापत हीच.

इतिहासाच्या शिक्षकाने यावर का लिहावे? वसतिगृहात राहणाऱ्याला रात्रीचे कण्हणे ऐकू येते, एवढे कारण मला पुरेसे वाटते. बाकीचे शिकवले ते आपल्याच एका माजी विद्यार्थिनीने. ती आज फिजिओथेरपिस्ट आहे आणि सुट्टीत आली की मुलांना तपासते.

पाऊल मुरगळते तेव्हा घोट्याच्या बाहेरील अंगाचे अस्थिबंध ताणले जातात, कधी फाटतात. त्यावर पहिल्याच दिवशी गरम तेलाने रगडले तर सूज वाढते. लचक ‘उतरवणारे’ आणि उसणीवर पायाळू माणसाचा पाय लावणारे आपल्याकडे अजून आहेत. ती त्यांची टवाळी करीत नाही. “रात्री नऊ वाजता तेच जवळ असतात, सर,” म्हणते. मात्र चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे, यावर ती अडून बसते. मग तो तलासरीत होवो की वापीला.

गुडघ्याचे दुखणे अधिक गंभीर. पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळले की सांध्यातील मुख्य अस्थिबंध तुटू शकतो. ‘टक्’ असा आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला बहुधा ९ महिने किंवा अधिक लागतात. मुलींना हा धोका मुलांपेक्षा जास्त असतो.

पण तिला सर्वांत कठीण वाटते ते मुलांचे “काही नाही, सर”. दिवाळीनंतर कित्येकांचे आईवडील वीटभट्टीवर जातात. दुखणे म्हणजे बुडालेली मजुरी, हे ज्या घरात लहानपणीच कळते, तिथले मूल लंगडत असले तरी लपवते. आठवड्यात सूज उतरते, ते पुन्हा खेळते, आणि अर्धवट जुळलेला घोटा दुसऱ्यांदा वळतो. पुढे हमालीत आणि बांधकामावर हाच पाय लागणार असतो. म्हणून ती विश्रांतीइतकाच तोल सावरण्याचा व्यायाम सांगते. सकाळी नळावर दात घासताना आता मुले एका पायावर उभी राहतात.

खेळण्याआधी २० मिनिटांचा ‘फिफा ११+’ हा व्यायामक्रमही तिने सुरू करून दिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेतील १३ ते १७ वयाच्या मुलींवरील अभ्यासात त्याने एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्या होत्या.

३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. कर्णधार तालिमेरेन आओ पुढे डॉक्टर झाले. त्या अनवाणीपणाचे कौतुक मला फारसे रुचत नाही. आपली मुले अनवाणी खेळतात ती बूट परवडत नाहीत म्हणून. माजी विद्यार्थी बूट देऊ इच्छितात, त्यांना एकच विनंती: आधी मुलांची मापे मागवून घ्यावीत. सैल बुटात पाऊल अधिक लवकर मुरगळते, असे ती सांगते.