मोठ्या कानांचे व्यापारी

पालघरच्या बाजारपेठेत धान्याची एक जुनी पेढी आहे. तिच्या गादीवर बसणाऱ्या गृहस्थांना घरात आणि बाजारातही दादाजी म्हणूनच ओळखतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले, की ते नातवाशेजारी बसून त्याच्या लॅपटॉपवर एक अमेरिकन मालिका पाहत: ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’. इंग्रजी संवाद नातू थांबवून थांबवून समजावून सांगे. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मूळ ‘स्टार ट्रेक’ दाखवली जाई. तिच्यातील टोकदार कानांचा स्पॉक दादाजींच्या स्मरणात होता. १९९३ ते १९९९ या काळातील ही पुढची मालिका मात्र त्यांना अपरिचित होती.

या मालिकेची कथा एका अंतराळस्थानकावर घडते. अनेक ग्रहांचे लोक तेथे येतात, आणि त्यांत फेरेंगी नावाची व्यापारी जमात आहे. कान भलेमोठे, बोलणे नफ्याचे, आणि धर्मग्रंथाच्या जागी द्रव्यार्जनाचे २८५ नियम. क्वार्क नावाचा फेरेंगी तेथे मद्यालय व जुगारगृह चालवतो. पहिल्याच आठवड्यात नातू सहज म्हणून गेला, “दादाजी, हे फेरेंगी म्हणजे आपणच की!”

दादाजी हसले नाहीत. व्यापाऱ्याला लोभी ठरवून त्याच्यावर हसण्याची रीत त्यांना नवी नव्हती. ती आपल्याच घरात बोलली गेली, हे त्यांना लागले. फेरेंगी प्रथम १९८७ साली पडद्यावर आले, तेव्हापासून त्यांच्यावर आक्षेप घेतला गेला आहे. युरोपात ज्यू सावकारांची जी विटंबना करणारी चित्रे काढली जात, त्यांचीच ही छाया आहे, असे टीकाकारांचे म्हणणे. क्वार्कची भूमिका करणारे आर्मिन शिमरमन स्वतः ज्यू. १९८७ च्या त्या पहिल्या भागातही त्यांनी एका फेरेंगीचे काम केले होते, आणि तेव्हा जे बिघडले ते पुढे क्वार्कच्या रूपाने सुधारण्याचा आपण प्रयत्न केला, असे त्यांनी सांगितले आहे. त्या प्रयत्नाला यश आले, असेच म्हणावे लागेल.

१९९४ मधील एका भागात क्वार्क आणि स्थानकाचा मानवी प्रमुख सिस्को शत्रूच्या कैदेत सापडतात. तेथे क्वार्क त्याला सुनावतो, की आम्हाला तुम्ही तुच्छ लेखता. पण गुलामगिरी, छळछावण्या, असले काही आमच्या इतिहासात नाही. दादाजींनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी पेढीवर आलेल्या दोघा-तिघांना त्यांनी तो ऐकवलाही. त्यांना काय समजले असेल ते असो.

खरी अडचण पुढे आली. क्वार्कचा पुतण्या नॉग वयात येतो आणि जमातीच्या रिवाजाप्रमाणे कोणाकडे तरी उमेदवारी करण्यास निघतो. लॅटिनम या फेरेंगी धनाची थैली घेऊन तो थेट सिस्कोसमोर उभा राहतो. त्याला दुकान नको आहे, अंतराळदलात जायचे आहे. सिस्कोला वाटते, ही काहीतरी लबाडी असावी. परीक्षा म्हणून त्याला मालाच्या कोठाराची मोजदाद करायला सांगतात. ती तो ठरल्या वेळेआधी पूर्ण करतो, आणि आधीच्या मोजणीत निसटलेल्या वस्तूही शोधून काढतो. क्वार्कचा विरोध असतो. तेव्हा नॉगचा बाप रॉम, जो आजवर थोरल्या भावापुढे मान वर करत नव्हता, तो ठामपणे सांगतो की मुलगा जाईल.

हा भाग संपल्यावर नातवाने लॅपटॉप मिटला आणि सांगून टाकले. तारापूरच्या अणुविद्युत केंद्रात प्रशिक्षणार्थीच्या जागेसाठी त्याने गुपचूप अर्ज केला होता. निवड झाली होती.

पालघरहून बोईसर फार लांब नाही; मध्ये एक उमरोळी. तरी त्या रात्री ते अंतर फार वाटले. १९६९ मध्ये देशातील पहिली अणुवीज तारापूरला निर्माण झाली. अमेरिकन अभियंते तेथे राहत होते, त्या दिवसांत दादाजींच्या वडिलांनी बांधकामावरील लोकांना धान्य पुरवले होते. तारापूरला माल पाठवावा, मुलगा नव्हे, एवढेच दादाजी बोलले. घरात दुसरा नातू नाही.

आठ दिवस लॅपटॉप उघडला गेला नाही. नवव्या दिवशी नातवाचे वडील बोलले. ते गोदाम सांभाळतात आणि दादाजींसमोर सहसा तोंड उघडत नाहीत. “बाबूजी, मलाही पॉलिटेक्निकला जायचे होते. त्याला जाऊ द्या.” ही गोष्ट दादाजींनी तीस वर्षांत प्रथमच ऐकली. त्यांनी उत्तर दिले नाही. संध्याकाळी मात्र त्यांनी नातवाला विचारले, “त्या नॉगचे पुढे काय झाले?”

नॉग अंतराळदलातील पहिला फेरेंगी होतो. १९९८ मधील एका भागात एका युद्धनौकेचा एक यंत्रभाग तातडीने हवा असतो आणि तो कोठेच मिळत नाही. नॉग अदलाबदलीची साखळी लावतो. प्रमुखाचे टेबल एकाकडे जाते, एका सेनापतीचे मद्य दुसरीकडे. मुख्य अभियंत्याचा जीव टांगणीला लागतो. शेवटी टेबल जागेवर येते आणि यंत्रभागही पोहोचतो. फेरेंगींची श्रद्धा अशी, की विश्वात वस्तूंची एक महानदी वाहते. कोठे एखादी गोष्ट अधिक असते, कोठे तिची उणीव असते, आणि कुशल व्यापारी त्या प्रवाहातून नाव नेतो. दादाजींनी हे दोनदा समजावून घेतले. “हा पोरगा दुकान सोडून गेला, असे कोण म्हणतो?” ते म्हणाले.

नातवाला दिवाळीनंतर रुजू व्हायचे होते. दादाजींनी एकच अट घातली: जाण्याआधी गोदामाची मोजदाद त्याने एकट्याने करावी. त्याने ती दीड दिवसात संपवली. तूरडाळीचे दोन कट्टे वहीतील आकड्यापेक्षा जास्त निघाले. मुनीमजींना त्याचा खुलासा अजून देता आलेला नाही.