वास कुठून येतो?

लग्नानंतरचा पहिलाच आठवडा. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, ‘‘एन् नात री!’’ आई दचकून म्हणाली, ‘‘नात? इतक्यात?’’ कन्नडमध्ये ‘नात’ म्हणजे दुर्गंधी, हे तिला कुठे ठाऊक!

गेल्या दिवाळीत तोच उद्गार कारवारला ऐकला, मेहुण्याच्या छोट्या शिडाच्या बोटीवर. पावसाळाभर बोट बांधूनच होती. डिझेल इंजिन सुरू करताच केबिनमध्ये कुजक्या अंड्यांचा वास भरला. त्या रात्री तिथेच झोपायचा मुलांचा हट्ट होता. ‘‘उदबत्ती लावू या,’’ मी म्हणालो.

‘‘भावोजी, वास झाकायचा नसतो. कधी येतो, कुठून येतो ते बघायचं,’’ असे म्हणून मेहुण्याने इंजिन बंद केले.

इंजिनात कूलंट मिसळलेले गोडे पाणी फिरते. त्याची उष्णता समुद्राचे पाणी ओढून घेते आणि धुराबरोबर बाहेर पडते. बोट उभी राहिली की हे खारे पाणी नळ्यांत साचते. त्यातले बारीक जीव मरतात, प्राणवायू संपतो आणि जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तोच हा वास.

समुद्राचे पाणी आत घेणारी झडप बंद करून त्याने गाळणी उघडली. आत सडलेले शेवाळ, शिंपल्या, काळा गाळ! सगळे धुऊन, झडप पुन्हा उघडून इंजिन दहा मिनिटे चालवले. मागून धुराबरोबर पाणी जोरात पडू लागले. घाण वास गेला.

मग मला मंद, गोडसर वास आला. ‘‘आता कसं छान!’’ मी म्हणालो. मेहुणा मात्र गंभीर झाला. तो वास कूलंटचा होता. चवीला गोड, पण विषारी. इंजिन निवल्यावर पाहिले, तर रबरी पाइपावरची पट्टी सैल झालेली. ती आवळली, सांडलेले पुसून काढले.

तरीही मुलांना केबिनमध्ये झोपायला मिळाले नाही. ‘‘धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. त्याची सूचना देणारं यंत्र जुनं झालंय. नवं बसवेपर्यंत इथं कुणी झोपायचं नाही.’’ मुले रुसली. मी गप्प बसलो.

घरच्या सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. आता बेळगावच्या घरी बायको ‘नात’ म्हणाली, की मी उदबत्ती शोधत नाही. आधी विचारतो, ‘‘एल्लिंद?’’ कुठून?