खाली ठिबकतं ते

इलेक्ट्रिक ग्रिलच्या तव्याला उतार असतो. एकावर एक मिटणारे दोन जाड तवे, दोन्हींवर उभ्या खाचा, दोन्हींच्या पाठीला तापणारी कॉइल आणि सगळं यंत्र पुढच्या बाजूला जरासं कललेलं. चिकन ठेवून वरचा तवा मिटला की काही क्षणांत चरचर ऐकू येते. सुटलेलं पाणी आणि चरबी खाचांतून ओघळत पुढच्या छोट्या ट्रेमध्ये जमा होते. मांस ताटात घ्यावं आणि ट्रेमधलं टाकून द्यावं, अशी या यंत्राची रीत. कॉलेज संपल्यापासून हे यंत्र या ना त्या रूपात माझ्या ओट्यावर आहे. या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते त्या ट्रेनं.

कारण मी ज्या घरातून आलो तिथे मटणाचं काहीच टाकलं जात नसे. कोल्हापुरात रविवारी सकाळी अण्णांचा हात धरून मटणाच्या दुकानात जायचं, हा माझ्या लहानपणचा ठरलेला कार्यक्रम. अण्णा खाटकाला सांगत, "मांडीचं दे, नळी दे, थोडी चरबी असू दे." मग घरी आई हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते मोठ्या पातेल्यात शिजायला ठेवी. त्या अळणी पाण्याची पहिली वाटी आम्हा मुलांना. उरलेल्यातून तांबडा, पांढरा आणि सुकं. मटण अर्धा-पाऊण किलो, जेवणारी माणसं मात्र भरपूर, आणि जेवायच्या वेळेला कोणी आलं तर पातेल्यात आणखी एक तांब्या पाणी. तुकडे मोजून वाढले जात, रस्सा कधीच मोजला नाही. थोडक्या मटणात सगळ्यांना पोटभर जेवू घालण्याची याहून शहाणी रीत मला अजून कुठे दिसलेली नाही. त्या रीतीचा जीव होता चरबीत. तीच वितळून वर यायची, चटणीचा रंग आणि वास स्वतःत धरून ठेवायची. रश्श्यावर लाल कट दिसला नाही तर आजी पातेल्याकडे बघूनच नाक मुरडायची.

भाजणं आम्हाला ठाऊक होतं ते शेतावरचं. सुगीत आजोबा गावठी कोंबडी सोलून, मीठ-हळद-चटणी चोळून निखाऱ्यांवर फिरवत भाजायचे. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की फस्सकन धूर उठायचा आणि वर कोंबडीला लागायचा. कोळशावर भाजलेल्या मांसाचा जो वास आपल्याला वेडा करतो, तो कोळशाचा फार थोडा असतो. बराचसा या जळणाऱ्या थेंबांचा असतो, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. म्हणजे तिथेही खाली पडलेलं वाया जात नव्हतं. ते धूर होऊन मांसाकडेच परतत होतं.

1998 साली मी ओहायोत शिकायला गेलो. चार मुलं, दोन खोल्या, विजेच्या कॉइलची शेगडी आणि जेवणघराच्या दाराशीच लावलेला धुराचा अलार्म. मोहरी तडतडली की तो कोकलायला लागायचा, मग एकानं खिडकी उघडायची आणि एकानं अलार्मखाली टॉवेल फिरवायचा. त्या हिवाळ्याआधी एका गॅरेज सेलमध्ये पाच डॉलरला पांढरा, वापरलेला जॉर्ज फोरमन ग्रिल मिळाला. त्याला बटण नव्हतं. प्लग लावला की चालू, काढला की बंद. तवेही निघत नसत. तो कोमट असतानाच, खाचांच्या मापाचे दात असलेल्या प्लॅस्टिकच्या उलथन्यानं खरवडून, ओल्या कागदानं पुसायचा.

फोरमनचं नाव मी अण्णांना पत्रात कळवलं तेव्हा त्यांचं लगेच उत्तर आलं. तालमीत घाम गाळलेला माणूस, खासबागेतल्या कुस्त्या पाहण्यात आयुष्य गेलेलं. 1974 साली किन्शासामध्ये मोहम्मद अलीनं ज्याला आठव्या फेरीत पाडलं तो हाच फोरमन, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पुढचं मी त्यांना सांगितलं. त्यानं मुष्टियुद्ध सोडलं, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी रिंगणात परतला आणि 1994च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकल मूररला दहाव्या फेरीत झोपवून जगज्जेतेपद परत मिळवलं. त्याच सुमारास सॉल्टन कंपनीनं मायकल बोएम या संशोधकाच्या कल्पनेतून आलेला हा ग्रिल त्याच्या नावानं बाजारात आणला. 1999 साली कंपनीनं त्याच्या नावाचे हक्क 13 कोटी 75 लाख डॉलर मोजून विकत घेतले, आणि पुढे हे ग्रिल दहा कोटींहून जास्त खपले. अण्णांना पैशांचं काही वाटलं नाही. त्यांना भावलं ते हे, की उतारवयात पैलवान परत उभा राहिला आणि लोकांनी त्याच्यावर इतका विश्वास टाकला, की तो म्हणेल त्या तव्यावर मांस भाजून खाल्लं.

त्या ग्रिलनं मला स्वयंपाक शिकवला, हे मी आजही कृतज्ञतेनं सांगतो. रस्सा शिकायला आई शेजारी लागते. ग्रिल मात्र एकट्या माणसाला शिकवतो, कारण तो चूक लगेच दाखवतो. कोंबडीच्या छातीचा तुकडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. तसाच ठेवला तर जाड बाजू कच्ची, पातळ बाजू भुसा. म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्यानं ठोकून सारखा करायचा. दोन्हीकडून आच लागते, त्यामुळे वेळ निम्मा होतो. बोटभर जाडीचा तुकडा सहा-सात मिनिटांत होतो. पण मांसाचं पाणी झाकणाखाली वाफ होऊन कोंडलं तर तुकडा भाजण्याऐवजी उकडतो. मांसाला तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास येतो ती रासायनिक क्रिया लुई-कामी मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली मांडली. ती जोमानं घडायला पृष्ठभाग 140 अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि ओलं मांस पाणी उडून जाईपर्यंत शंभर अंशांवरच अडकून बसतं. म्हणून तुकडा कागदानं टिपून कोरडा करायचा, मीठ आधी काही तास लावून ठेवायचं, ग्रिल पूर्ण तापल्याशिवाय मांस ठेवायचं नाही आणि तुकड्यांची गर्दी करायची नाही. दही लावलंच तर जादाचं निपटून काढायचं. साखर असलेला सॉस शेवटच्या मिनिटाला. आणि आतलं तापमान थर्मामीटरनं बघायचं: कोंबडी 74 अंश सेल्सियस, मग शंका नको. अंदाजानं जास्त वेळ ठेवून मांस कोरडं करणाऱ्यांना मी हे कळकळीनं सांगत असतो. थर्मामीटर ही चैन नाही.

हाडासकट तुकडा या ग्रिलवर नीट होत नाही. हाडाशी वरचा तवा अडतो, मांसाला टेकत नाही. नळी चोखत वाढलेल्या मला हे सुरुवातीला फार जाणवलं. एक चपटा, हाड नसलेला, कातडं काढलेला तुकडा. एक माणूस, एक ताटली. त्यात कोणाला वाटा द्यायचा तर तुकडाच कापावा लागतो. आमच्या चौघांतला नाशिकचा मित्र शाकाहारी होता. त्याच्यासाठी आम्ही दुसरा ग्रिल घेतला, त्यावर हिरवी चिकटपट्टी लावली, आणि तो त्यावर बटाट्याचं सँडविच भाजायचा. दोन ग्रिल शेजारी शेजारी तापत असायचे, पण प्रत्येकाचं जेवण आपापल्या वेळेला व्हायचं.

लग्नानंतर आम्ही न्यू जर्सीत असताना आई राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला तो ट्रे सिंकमध्ये ओतताना पाहिलं.

"अरं, टाकतोस व्हय हे?"

मी सांगितलं, ती चरबी आहे, आरोग्याला चांगली नाही. तिनं ट्रे हातातून घेतला, उजेडात धरला. "वरचं थोडं तेल हाय. खालचा सगळा रस हाय की!" तिचं खरं होतं. कातडं काढलेल्या कोंबडीतून चरबी सुटते ती चमचा-अर्धा चमचा. ट्रेमध्ये असतं ते बहुतेक मांसातलं पाणी, त्यात विरघळलेली प्रथिनं, मीठ आणि लावलेला मसाला. आईनं वरचं तेल पातेल्यात घेऊन त्यात कांदा परतला, कोल्हापुरातून आणलेली चटणी घातली, मग तो रस आणि दोन भांडी पाणी घालून चांगली खळखळून उकळी आणली. ट्रेमध्ये पहिल्या मिनिटांचा कच्चा रसही उतरलेला असतो, त्यामुळे ही उकळी हवीच. ग्रिलमधलं चिकन तिनं चिरून शेवटी त्यात सोडलं. त्या संध्याकाळी शेजारचं एक तेलुगू जोडपं आमच्याकडे जेवलं. चिकनचे तुकडे दोघांपुरतेच होते, आणि पाच माणसं पोटभर जेवली. त्या दिवसानंतर मी ट्रे सिंकमध्ये ओतला नाही.

पुण्याला परतताना ग्रिल तिथेच एका विद्यार्थ्याला दिला. तो 120 व्होल्टवर चालणारा. कॉइल तीच ठेवून व्होल्टेज वाढवलं तर उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आपल्या 230 व्होल्टवर साडेतीन पटींहून अधिक. असा ग्रिल इथे प्लगला लावणं म्हणजे आग लावणं, आणि एवढ्या वॅटचा ट्रान्सफॉर्मर ग्रिलपेक्षा जड. इथे दुसरा घेतला. याचे तवे निघतात आणि तापमान ठरवता येतं.

त्या ग्रिलचं खरं काम निघालं अण्णांच्या अँजिओप्लास्टीनंतर. डॉक्टरांनी सांगितलं, बोकडाचं मटण क्वचित आणि चरबीशिवाय. अण्णांनी काही तक्रार केली नाही, पण रविवारी ते ताटावर बसायला उशीर करू लागले. आयुष्यभर ज्या माणसानं घरासाठी मटण निवडून आणलं त्याच्या ताटात दोडका वाढणं मला जड जात होतं. मटणाचे तुकडे ग्रिलवर होत नाहीत, कारण बोकडाच्या मांसात चिवट तंतू भरपूर. ते मऊ व्हायला ओलावा आणि दीड-दोन तास मंद आच लागते. कोरड्या आचेवर झटपट भाजलं की चामडं होतं. मग मी खिम्याकडे वळलो. मांडीचं मटण चरबी काढून बारीक करून घ्यायचं, त्यात आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, भाजलेलं डाळीचं पीठ आणि कच्च्या पपईचा थोडासा कीस. पपईतलं पपेन मांसाची प्रथिनं तोडतं, म्हणून अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही, नाहीतर लगदा होतो. चपट्या टिक्क्या, वरून तेलाचा थेंबही नाही. काळीज आणि बांगडाही या ग्रिलवर उत्तम होतो. बांगड्याला तिरक्या चिरा देऊन कोकमाचं आगळ आणि चटणी लावली की त्याची स्वतःची चरबीच त्याला पुरते.

अण्णा ओट्याशी स्टूल घेऊन बसत आणि ट्रेमध्ये काय जमतंय ते बघत. "हे आधी माझ्या पोटात जायचं होय," एकदा ते म्हणाले. त्यांच्यासाठी तो रस मी फ्रीजमध्ये ठेवायचो. सकाळपर्यंत चरबी वर पांढरी थिजायची, ती काढायची आणि खालच्या रसात आई पातळ तांबडा करायची. कट नसलेला, तरी मटणाचाच. पहिल्यांदा वाटी तोंडाला लावून अण्णांनी आणखी एक वाटी मागितली. त्यांची शेवटची काही वर्षं रविवार असेच गेले, आणि ते वेळेवर ताटावर बसत.

एका यंत्राकडून एवढं मिळालं म्हणून मी कोळशाला कमी लेखत नाही. ग्रिलवरच्या चिकनला आजोबांच्या निखाऱ्यांचा वास येत नाही, कधी येणारही नाही. थेंब तापलेल्या कशावर पडतच नाही, मग धूर कुठून? काही जण तापल्या कोळशावर तूप टाकून ती वाटी मांसाशेजारी झाकून ठेवतात. मला ते आवडत नाही. ग्रिलवरच्या मांसाला मांसाचीच चव असू द्यावी.

आता पुतणी मँचेस्टरला शिकायला निघाली आहे. ग्रिल इथूनच नेऊ का, असं ती विचारत होती. मी सांगितलं, तिथेही 230 व्होल्ट आहेत, पण प्लग वेगळा, आणि तिथे तो कोणत्याही दुकानात मिळतो. तवे निघणारा घे. थर्मामीटर घे. वसतिगृहात विजेची उपकरणं चालतात का ते आधी विचारून घे. चटणी किलोभर ने.

"आणि तो ट्रेमधला रस, काका?"

"भात लावताना पाण्यात घाल. आणि भात दोघींचा लाव."

"मी तर एकटीच आहे खोलीत."

"शेजारच्या खोलीत कोणी असेलच ना?"

ती हसली आणि यादीत थर्मामीटर लिहून घेतला. मग म्हणाली, "मटणाचं काय करायचं, तेवढं आजीला विचारून सांगा."

"त्यात आजीला काय विचारायचं," मी म्हणालो. "छोटा कुकर बॅगेत टाक."