अम्मीचा एका रात्रीचा मुक्काम

टोलेजंग, महागड्या हॉटेलात राहणे आपल्यासारख्यांना शोभते का? 2025 च्या जानेवारीत हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. अम्मी सानगडीहून उमऱ्याला निघाली होती आणि मी तिला मुंबईपर्यंत पोहोचवायला जाणार होते. मामू जमातीबरोबर मुसाफिरखान्यात उतरणार होते. पण दुबईतल्या माझ्या धाकट्या भावाने आम्हा दोघींसाठी लोअर परळच्या सेंट रेजिस हॉटेलात एका रात्रीची खोली घेऊन ठेवली होती.

हे हॉटेल 1905 सालच्या फिनिक्स मिलच्या जागेवर उभे आहे. 1982 च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे आले. आमच्या उंचावरच्या खोलीतून महालक्ष्मीचे रेसकोर्स दिसत होते आणि त्यापलीकडे समुद्र. मुंबईत किबला पश्चिमेला, म्हणजे समुद्राच्याच बाजूला. अम्मीने खिडकीसमोर जानमाज अंथरली आणि मगरिब अदा केली.

मग तिने भाडे विचारले. कर धरून चोवीस हजार. जिने उभा जन्म बांधीत रोवणी केली, ती हिशेब धानातच करणार. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. "म्हणजे दहा क्विंटलच्या वर धान एका रात्रीत गेले! हा इस्राफ नाही तर काय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

रात्री आम्ही खाली जेवायला गेलो. आजूबाजूला दारूचे पेले होते, म्हणून कोपऱ्यातले टेबल मागितले. वेटरने ते अदबीने दिले. आम्ही डाळ, भात आणि एक भाजी एवढेच मागवले. अम्मीने ताटात शीतही ठेवले नाही. उठताना तिने त्या मुलाला विचारले, "बेटा, तू जेवलास का?" तो हसला. म्हणाला, "ड्यूटी संपल्यावर जेवेन, अम्मा."

खोलीत आल्यावर भावाचा फोन आला. अम्मीने धानाचा हिशेब त्यालाही ऐकवला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अम्मी, अकरा वर्षे मी अशाच एका मनोऱ्यात बिछाने घालतो. रोज चौदा-पंधरा खोल्या. दुसऱ्यांच्या आया त्यावर झोपतात. एकदा तरी माझी आई झोपावी, एवढेच वाटले."

अम्मी काही बोलली नाही. फोन ठेवल्यावर तिने पलंगाची चादर उचलून पाहिली. कोपरे कसे घट्ट दुमडले आहेत, ते बोटांनी चाचपले. मुलगा "हॉटेलात आहे" एवढेच ती इतकी वर्षे गावात सांगत आली होती. तो नेमके काय करतो, ते त्या रात्री तिच्या हाताला कळले.

इस्राफ म्हणजे काय, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. माझ्या पगारातून मी असा मुक्काम कधी करणार नाही, आणि कुणाला करा असेही सांगणार नाही. पण हलाल कमाईतून, कर्ज न काढता, लेकाने आईला दिलेली एक रात्र एका तराजूत. आणि ऐपत नसताना उधारी करून घातलेल्या लग्नाच्या दावती, जिथे बिर्याणीच्या अर्ध्या परातीं उकिरड्यावर जातात, त्या दुसऱ्या तराजूत. दावतीला आपण इज्जत म्हणतो. मग या एका रात्रीलाच इस्राफ का म्हणावे?

मक्केत अम्मीची जमात हरमपासून लांब, साध्या ठिकाणी उतरली होती. हरमला लागून घड्याळाचा तो 601 मीटर उंच मनोरा आहे, त्यातही हॉटेलेच आहेत. परत आल्यावर शेजारणींनी विचारले, "तो मनोरा पाहिला का?" अम्मी म्हणाली, "पाहिला. वर कुणाचा तरी लेक चादरी बदलत असेल. त्याच्यासाठीही दुआ केली."