जिना नसलेले मनोरे

राख. राखेआड लाल डोंगर. बाकी काही नाही.

व्हार्डनफेल, 2002 साली तुझ्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा 'मॉरोविंड' या व्हिडिओ गेमनं हातात एक पुडकं ठेवलं होतं. बाल्मोरात कायस कोसाडेसला नेऊन दे. बस्स. घर कुठलं? विचार लोकांना.

विचारत गेलो.

पूल ओलांडून ओढ्याच्या कडेकडेनं जा, फाट्यावर पाटी दिसेल, तिथून उजवीकडे, असं कुणीतरी सांगायचं, ते मी वहीत पेन्सिलीनं उतरवून घ्यायचो, आणि राखेचं वादळ उठलं की डोळ्यांवर हात धरून चालता चालता पाटी निसटायची, वाट निसटायची, दिवस कलायचा, आणि एकाएकी धुळीतून एखाद्या जुन्या कबरीचं दार पुढ्यात उभं राहायचं, जिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नसायचा, आणि त्या दाराशी मी, एकटा, चुकलेला, सुखी.

सेडा नीनच्या दलदलीवरून सिल्ट स्ट्रायडरचा हंबर यायचा. माडासारख्या पायांचा कीटक. कवच कोरून केलेली बसायची जागा. उघड्या मांसात हात घालून त्याला हाकणारा. नाणी मोजून द्यायची. तो जात नाही तिथं पायी.

मग त्याच मालिकेतला 2006चा 'ऑब्लिव्हियन'. 2011चा 'स्कायरिम'. देखणे, खोटं कशाला बोलू. स्कायरिमच्या रात्री आभाळात हिरवा उजेड झुलतो, मी घोडा थांबवून पाहिलाय. पण पडद्याच्या कडेला होकायंत्राची पट्टी, पट्टीवर खूण. खूण बोलावते, पाय जातात. एकदा पाहिलेल्या गावावर क्लिक केलं की पोचलो.

मधला रस्ता? तो कुणी चालत नाही.

'मॉरोविंड'मध्ये 27 कौशल्यं होती. 21 झाली. मग 18. भाला गेला. तरंगणंही गेलं.

तुझ्या तेल्वानी जादूगारांचे ते अळंब्यांचे मनोरे. आत जिनाच नसायचा. ज्याला तरंगता येईल त्यानं वर यावं, असला तोरा! मंत्र टाकायचा, आणि त्या ओलसर काळोखात पाय जमिनीपासून अलगद सुटायचे. खाली पाहायची भीती वाटायची. वर कसलासा पिवळट उजेड.

परवा वही सापडली. पेन्सिल विरलीये.

'फाट्यावरून', एवढं लागतं. पुढचं लागत नाही.